दोन अक्षरी कळ

“मी कळ टाकलं. काही सापडलं नाही असं आलं. मग मी त्याला—”

एवढं बोलून फोन गेला. तुटला असंही म्हणता येणार नाही. तुटताना निदान टक् असा आवाज होतो, मग ती लांबलचक पीं सुरू होते. इथं नुसता वारा थांबला. पलीकडे वारा होता एवढं इकडे फोन धरलेल्या तिला नक्की आठवत होतं, आणि वाऱ्यातून बोलणारी बाई तिशीच्या आतबाहेरची असावी. “खाणीवरच्या दवाखान्यातली सिस्टर बोलतेय,” असं त्या बाईनं आधी सांगितलं होतं. आवाजात रडू नव्हतं, भांडण नव्हतं. पाणी कधी येणार हे विचारायला फोन करावा तसा सरळ, थोडा कंटाळलेला आवाज. इकडे तिनं रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला, जिवाचा कान केला, दोनदा “हॅलो” म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणवेना. सकाळचे पावणेअकरा झाले होते. शेजारच्या टेबलावर चित्रं काढणारा मुलगा हेडफोन बाजूला करून म्हणाला, “कोण होतं?” “राँग नंबर,” ती म्हणाली, आणि म्हटल्यावर आपण असं का म्हणालो याचंच तिला नवल वाटलं. खोटं बोलायचं ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढाही मध्ये गेला नव्हता.

मग मी त्याला गोळी दिली. मग मी त्याला घरी पाठवलं. मग मी त्याला गाडीत घालून खाली घेऊन गेले. मग मी त्याला, मग मी त्याला. वाक्य एखाद्या उघड्या दारासारखं वाजत राहिलं. हा फोन खिडकीच्या कट्ट्यावर होता. बाकी सगळ्यांच्या खिशात फोन असताना या एकाच जुन्या यंत्राला तार होती, कारण ‘अडचण आल्यास’ म्हणून त्याचा नंबर पेन ड्राइव्हच्या प्रत्येक खोक्यावर छापलेला होता. सात महिन्यांत तो अकरा वेळा वाजला होता. बहुतेक वेळा अडचण अशी, की संगणकाचा पासवर्ड आठवत नाही, किंवा प्रिंटर कागद खातोय. तो उचलायचं काम तिचं, कारण डबी तिची.

ऑफिसात सगळे त्याला डबीच म्हणत. जिथं इंटरनेट पोचत नाही अशा एकशे चाळीस लहान दवाखान्यांसाठी बनवलेली एकच फाईल. दोनदा टिचकी मारली की उघडते, बाहेरचं काही मागत नाही, कुणाला विचारत नाही. आत म्हाताऱ्या डॉक्टरांनी नऊ वर्षं खपून लिहिलेलं उपचारांचं पुस्तक, तेवीसशे पानं; औषधांची मापं; चित्रं; आणि या सगळ्यात हवं ते क्षणात काढून देणारी शोधसूची. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, कोणता शब्द कुठल्या पानावर, फक्त यंत्रानं वाचायची. ही सूची दवाखान्यातल्या जुनाट संगणकावर तयार करायला घेतली असती तर ते बिचारे अर्धा अर्धा तास कण्हत बसले असते, म्हणून ती इथंच, तिच्या टेबलावर, आधी तयार करून डबीत बंद केलेली. एकदा बंद झाली की झाली. बाहेरून दुरुस्त करायची सोय नाही, आणि ती नाही याचंच कौतुक डबी देताना साहेबांनी भाषणात केलं होतं: “ही कुणावर अवलंबून नाही!” टाळ्या पडल्या होत्या. ती तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिनंही वाजवल्या होत्या.

तिनं डबी उघडली आणि शोधाच्या चौकटीत ‘कळ’ लिहिलं. पांढरी पट्टी आली. काही सापडलं नाही. हे शब्दही तिचेच होते. आधी तिथं ‘नोंद आढळली नाही’ असं होतं. ते सरकारी वाटतं, माणसानं माणसाशी बोलल्यासारखं हवं, म्हणून तिनं बदललं होतं. तिनं ‘कळा’ लिहिलं. चौदा ठिकाणं दिसली. परत ‘कळ’. काही नाही. ‘ताप’ लिहिलं, रांगच लागली. ‘कफ’. काही नाही. ‘नस’. काही नाही. ‘पू’. काही नाही. पाठीवरून कुणीतरी ओला हात फिरवावा तसं तिला झालं. कारण आता तिला दिसत नव्हतं असं काही उरलं नव्हतं. ती ओळ कुठल्या फाईलमध्ये आहे, वरून कितवी आहे, तिच्यापुढं तिनं काय लिहिलंय, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द सूचीत घेऊ नयेत. एवढंच. ‘व’, ‘की’, ‘तर’, ‘मग’ असले शब्द पानोपानी येतात, सूची फुगते, ते कुणी शोधत नाही. पण यंत्राला अक्षर म्हणजे काय ते आपल्यासारखं कुठं माहीत असतं? ते काना-मात्राही सुटी मोजतं. त्याच्या हिशेबानं ‘ताप’ तीन अक्षरी, ‘साप’ तीन अक्षरी, ‘विष’ तीन अक्षरी. तपासायच्या यादीत तिनं नेमके हेच घातले होते आणि सगळे सापडले होते. गळून पडले ते उघडे, बिनकान्याचे दोन अक्षरी शब्द. कळ. कफ. नस. नख. दम. माणसाचं अंग ज्या शब्दांनी बोलतं ते.

त्या दिवशीची दुपार तिला आता इतकी स्वच्छ आठवली, की ती इतके महिने विसरलीच नव्हती की काय असं वाटावं. साहेब टेबलाच्या कडेला टेकून उभे होते. त्यांना मागून सगळे ‘आत्तालगेच’ म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथंच संपायचं. डबी पेन ड्राइव्हवर मावत नव्हती. मोठा पेन ड्राइव्ह घ्यायला साहेब तयार नव्हते. “कुठूनही कमी करा, पण आत्ता लगेच,” असं म्हणून ते तिथंच उभे राहिले. कुणी मागं उभं राहिलं की तिला विचार करता येत नाही, लहानपणापासून येत नाही. मानेवर दुसऱ्याचा श्वास आला की हात आपोआप काहीतरी करून मोकळे होतात. तिनं ती ओळ लिहिली. बरोबर चार सेकंद लागले असतील. मग सूची पुन्हा तयार झाली, डबी मावली, साहेब गेले, आणि तिनं चहा मागवला. त्या चहाची चवसुद्धा तिला आठवली. चांगला झाला होता.

आणि म्हातारे डॉक्टर? ते तर सांगून सांगून दमले होते. पुस्तक डबीत भरायचं काम चाललं होतं तेव्हा ते दर बुधवारी यायचे, काठी टेबलाला लावून ठेवायचे, ती हमखास घसरून पडायची, आणि ते म्हणायचे, “लोक डॉक्टरांच्या भाषेत दुखत नाहीत, बाई. हृदयविकाराचा झटका आलाय असं कुणी सांगत येत नाही. कळ येते म्हणतात. बसकन मारतात. घाम पुसतात.” एका परिच्छेदासाठी तर ते आरोग्य विभागातल्या तज्ज्ञांशी दीड महिना भांडले होते. छाती अजिबात न दुखता नुसती जबड्यात, खांद्यात, पाठीत कळ येते, माणूस दात दुखतोय म्हणून येतो, त्याला चालत परत पाठवू नका. तिथंच बसवा, ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या, गाडी मागवा. तज्ज्ञ म्हणाले होते, हे सगळं हृदयाच्या प्रकरणात आहेच. डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचं प्रकरण उघडायचं हे कळलं असतं तर दवाखान्यातली ती पोरगी पुस्तक कशाला शोधत बसली असती? परिच्छेद राहिला. पान बाराशे अठरा. ती ते पान उघडून बसली. सगळं जिथल्या तिथं होतं. एक काना हललेला नव्हता. पोचायची वाट तेवढी तिनं बुजवली होती.

खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसत होता. एक लहान मुलगी एकेक पायरी मोजत उतरत होती, आणि ती जिन्याच्या वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा तिला ते दार आठवलं. ती स्वतः तेव्हा नऊ वर्षांची होती. संध्याकाळची वेळ, आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, पाय पोटाशी घेतलेले. “समोरच्या नर्सबाईंना बोलाव जा. म्हणावं, कळ थांबत नाही.” हाच शब्द होता का? की आई दुसरं काही म्हणाली होती, आणि तो शब्द ती आज आईच्या तोंडात घालत होती? नर्सबाईंचा नवरा चिडका होता. मुलांचा चेंडू गॅलरीत गेला तर तो कात्रीनं कापून परत द्यायचा. ती जिना चढली, दारासमोर उभी राहिली, मूठ वर केली. मूठ लाकडाला लागली हे तिला आठवतं, लाकूड गार होतं. आवाज झाला का, हे आठवत नाही. इतक्या वर्षांत हजार वेळा तिनं कान देऊन ऐकलंय, आवाज येत नाही. ती थोडा वेळ थांबली. आतून भांडी वाजल्यासारखं झालं. मग ती खाली आली आणि आईला म्हणाली, “घरी कोणी नाही.” आई म्हणाली, “बरं.” आणि परत भिंतीकडे वळली. वडील यायला रात्र झाली. आतडं फुटलं होतं. आई वाचली, पण अडीच महिने दवाखान्यात होती. ते अडीच महिने ती आत्याकडे राहिली, आणि आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, “एवढीशी पोर, पण कशी पळत गेली हो शेजारी! ती तरी काय करणार, घरात कुणी नव्हतंच.” पाहुणे तिच्या केसांवरून हात फिरवायचे. ती मान खाली घालून उभी राहायची, आणि लोक तिला विनयशील समजायचे.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, एका दमात, कारण बसली असती तर आवाज फुटला नसता. साहेबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“लेखी काही आलंय?”

“नाही. फोन होता. मध्येच गेला.”

“कोणता दवाखाना?”

“खाणीवरचा. आपल्या यादीत खाणीवरचे नऊ आहेत.”

“म्हणजे कोण ते माहीत नाही, काय झालं ते माहीत नाही. कदाचित काहीच झालं नसेल.”

“कदाचित.”

“मग पुढच्या आवृत्तीत नीट करू या. सहा महिन्यांनी निघेलच ती.”

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ‘आत्ता लगेच’ म्हटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि अशा वेळीसुद्धा तिला हसू फुटायला आलं. ते तिनं गिळलं. “सगळ्यांना आज कळवायला हवं, साहेब. एकशे चाळीस ठिकाणी.”

“कळवायचं म्हणजे लिहून द्यायचं. विभागाशी करार नव्यानं व्हायचाय पुढच्या महिन्यात.” ते थोडे पुढं झुकले. आवाज मऊ केला. “ती ओळ तुम्हीच लिहिली होती ना?”

“हो.”

“मग गप्प राहण्यात फायदा कुणाचा आहे, बघा बरं.”

ती परत जागेवर आली. ओळ काढून टाकली आणि सूची पुन्हा तयार करायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू सरकू लागली. किती वाढेल? वीस, तीस? पट्टी भरली. डबी एक एमबीनं वाढली होती. फक्त एक. डबी उघडताना विभागाची इमारत गरागरा फिरते, ते चित्रच सहा एमबीचं होतं. ते साहेबांना फार आवडायचं. ती त्या आकड्याकडे बघत बसली. एकच्या आकड्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत बसली. राग यावा असं वाटत होतं, कुणाचाही, तो येईना. त्याच्या जागी नुसती घाई येत होती, दिशा नसलेली घाई, की कुणीतरी कुठंतरी आत्ता या क्षणी ‘कफ’ लिहितंय, आत्ता ‘नस’ लिहितंय, आणि पट्टी येतेय, पांढरी, माणसानं माणसाशी बोलावं तशी.

दुपारभर तिनं खाणींना फोन लावले. सहा ठिकाणी उचलला. “इथून नाही केला बाई कुणी.” दोन ठिकाणी घंटा वाजत राहिली. एक लागतच नव्हता. प्रत्येक वेळी नाही म्हटल्यावर सुटका वाटायची, आणि त्या सुटकेची लगेच शरम वाटायची. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ती घरी न जाता डॉक्टरांकडे गेली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांना आता दिसत नव्हतं, म्हणजे उजेड-अंधार कळायचा, अक्षरं नाही. त्यांनी तिला पावलांवरून ओळखलं. “बुधवार नाही आज,” ते म्हणाले. “काय झालं?”

तिनं सांगितलं. यंत्राचं अक्षर आणि माणसाचं अक्षर हेही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, “किती वयाचा होता?”

“माहीत नाही.”

“कळ कुठं येत होती?”

“माहीत नाही, डॉक्टर. तेवढ्यात फोन गेला.”

“हं.” त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. “बाराशे अठरा आहे का तिथं?”

“आहे. शब्दन् शब्द आहे. फक्त सापडत नाही.”

“मग नाही असंच म्हणा.”

खोलीत घड्याळ नव्हतं तरी काहीतरी टिकटिक करत होतं. कदाचित पाण्याचा नळ असेल. ती म्हणाली, “माझी चूक आहे. तुम्हाला सांगायला आले.”

“मला कशाला?” डॉक्टरांचा आवाज एकदम वर गेला. “मी कोण माफी देणारा? तुम्हाला काय वाटलं, म्हातारा आहे, दोन शब्द बरे बोलेल? चाळीस वर्षांत माझ्या हातून किती चुकले ते मी मोजले नाहीत असं समजू नका. मोजलेत. आकडा तुम्हाला सांगणार नाही.” ते थांबले. श्वास लागला होता. “चिठ्ठी पाठवताय ना सगळीकडे?”

“साहेब नको म्हणतात.”

“ते मी विचारलं नाही.”

“पाठवतेय.”

“मग वर पहिलं वाक्य हे लिहा, की चूक आमची आहे. त्याच्या आधी काही नको, नमस्कारसुद्धा नको. नाहीतर त्या पोरींना वाटेल आपल्यालाच टाइप करता येत नाही. एकटीनं दवाखाना चालवणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी स्वतःचाच संशय येतो.”

तिनं चिठ्ठी तिथंच लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. त्यांनी तीन शब्द काढायला लावले. बुधवारी सकाळी, ऑफिसात पाऊल टाकायच्या आधी, तिनं ती चिठ्ठी आणि नवी डबी स्वतःच्या फोनवरून विभागाच्या गोदामात पाठवली. तिथला कारकून दर आठवड्याला औषधांच्या गाड्या सोडायचा. तो भला माणूस निघाला, नवा, थोडा मोठा पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी प्रत्येक खोक्यात टाकतो म्हणाला. ज्यांच्याकडे फोन होते अशा त्र्याण्णव ठिकाणी तिनं स्वतः फोन केले, ओळीनं, दोन दिवस, घसा बसेपर्यंत. “शोधात काही सापडलं नाही असं आलं, तर खरं मानू नका. चूक आमची आहे.” काहींनी धन्यवाद म्हटलं. एकीनं विचारलं, “म्हणजे आत्तापर्यंत जे सापडलं नाही ते सगळं होतं?” आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. घरी नवरा म्हणाला, तो चष्म्याचं दुकान चालवायचा आणि बोलताना नेहमी तिकडचेच दाखले द्यायचा, “माझ्याकडं नंबर चुकला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात येऊन भांडतं. भांडलं की माझं मन मोकळं. तुझी माणसं भांडायला येऊच शकत नाहीत गं, हा तुझा खरा घोळ आहे.” तो सहज बोलून गेला आणि पोरीच्या वहीवर सही करायला लागला. पण तिला ते इतकं लागलं, की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडायला येत नाहीत. भिंतीकडे वळतात. बरं म्हणतात.

गुरुवारी साहेबांना कळलं. ते ओरडले नाहीत. “सोमवारपासून डबीचं काम दुसरं कुणी बघेल,” एवढंच म्हणाले, “तुमचं काय ते मग ठरवू.” चित्रं काढणारा मुलगा दिवसभर तिच्याकडे बघायचं टाळत होता, आणि जाताना टेबलावर एक पेरू ठेवून गेला. तिनं तो खाल्ला नाही, फेकलाही नाही.

शुक्रवारी दुपारी खिडकीतला फोन वाजला तेव्हा ती खण आवरत होती. वारा. वारा ऐकूनच तिला कळलं.

“मंगळवारी फोन केला होता मी,” सिस्टर म्हणाली. “मध्येच गेला. इथं फोन लागायला टेकाडावर यावं लागतं. मग मी खालीच होते तीन दिवस, मोठ्या दवाखान्यात. त्याच्याबरोबर.”

“कोणाबरोबर?” तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच लांबून आला.

“क्रेन चालवतो तो. अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. सोमवारी सकाळी आला, म्हणाला दाढेतून खांद्यापर्यंत कळ मारतेय. मी दाढ बघितली, दाढ चांगली होती. मला काही समजेना, म्हणून तुमच्या त्यात टाकलं. काही सापडलं नाही म्हणून आलं.” वारा वाहत राहिला. “खरं सांगू? मला बरंच वाटलं. म्हटलं, एवढ्या मोठ्या पुस्तकात नाही, म्हणजे काही मोठं नसणार. मग मी त्याला दुखण्याची गोळी दिली आणि कामावर पाठवलं. रात्री आठला क्रेनच्या शिडीवरून खाली आला आणि बसला, तो उठेना. खाली न्यायला एकोणीस तास लागले. दरड पडली होती रस्त्यावर. मंगळवारी मी फोन केला तो त्या मधल्या टेकाडावरून, गाडी अडली होती तेव्हा. म्हटलं, विचारावं तरी.”

“तो आहे ना?”

“आहे. जगला. पण हृदय निम्मं गेलंय म्हणतात. क्रेनवर नाही चढू शकणार परत. जिनासुद्धा नको म्हणालेत.”

तिनं दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला. तीन दिवस जे वाक्य अर्धं होतं ते पुरं झालं होतं, आणि ते तिनं कल्पिलेल्या कुठल्याच वाक्यासारखं नव्हतं. तिच्या वाक्यांत माणूस एकतर वाचायचा नाहीतर मरायचा. निम्मं हृदय घेऊन तळमजल्यावर बसून राहणारा माणूस तिच्या मनात एकदाही आला नव्हता. आता तो आला, आणि बसला. ती म्हणाली, “सिस्टर, ते पुस्तकात होतं. अगदी तुम्ही म्हणताय तसंच, दाढ, खांदा, कळ. मी एक ओळ लिहिली होती, तिच्यामुळं ते सापडलं नाही. तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे.”

आमची असं ती म्हणाली नाही. त्र्याण्णव वेळा आमची म्हणून झालं होतं. पलीकडे इतका वेळ काही आवाज आला नाही, की परत फोन गेला असं तिला वाटलं, आणि एक क्षण, फक्त एक क्षण, तो गेला असला तर बरं असंही वाटलं. पण वारा होता.

“मी चार रात्री झोपले नाही,” सिस्टर म्हणाली. “मला वाटत होतं, मी नीट लिहिलं नसेल. माझं शुद्धलेखन कच्चं आहे.”

“तुम्ही बरोबर लिहिलं होतं.”

“हं.” मग परत वारा. मग सिस्टरचा आवाज बदलला, कामाचा झाला. रागावलेला होता की काय ते कळत नव्हतं; रागाला बाजूला बसायला सांगावं तसा होता. “तुमची चिठ्ठी-बिठ्ठी इथं काही आलेली नाही. गाडी रविवारी येते. आणि आत्ता एक म्हातारी आलीय, दोन तास चालत. मी टेकाडावर निघालेय म्हटल्यावर मागोमाग इथवर आली. तिला जे होतंय ते माझ्या ध्यानात येत नाही. त्याला कोणता शब्द टाकू ते सांगा मला.”

“काय होतंय त्यांना?”

“मी सांगितलं तर माझे शब्द येतील परत,” सिस्टर म्हणाली. “तिच्याच तोंडून ऐका. धरा. आजी, इकडं या. यात बोला. हं, लांब नका धरू.”

तिनं खण तसाच उघडा सोडून डबी उघडली, नवी, एक एमबीनं मोठी. बोटं कळांवर गेली, आणि तिथून तिनं ती उचलून मांडीवर ठेवली. साहेबांच्या खोलीचं दार उघडल्याचा आवाज झाला, पावलं येऊन तिच्या मागं थांबली, मानेवर श्वास आला. तिनं वळून बघितलं नाही. फोनमध्ये कुणीतरी घसा खाकरला, आणि एक थकलेला, अनोळखी आवाज पहिल्यापासून सांगू लागला: चार दिवसांमागं, पहाटे, पाणी भरायला वाकले तेव्हा.

“हो,” ती म्हणाली. “सावकाश सांगा. मी ऐकतेय.”